मारिओ गोल्फ : हातातील आवृत्त्या व त्यांची समीक्षा

मारिओ गोल्फ : गोल्फ या मैदानी खेळावर आधारलेली, व्यंगचित्रशैलीतील जपानी व्हिडिओ खेळांची मालिका. प्रकाशक निन्टेंडो ही कंपनी असून १९९९ पासूनच्या आवृत्त्यांची रचना टोकिओ येथील कॅमलॉट सॉफ्टवेअर प्लॅनिंग या संस्थेने केली आहे. मालिकेत दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या घरगुती यंत्रांसाठी केलेल्या आवृत्त्या आहेत, तशाच हातात धरून खेळावयाच्या छोट्या यंत्रांसाठी केलेल्याही आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे दुसऱ्या प्रकारातील दोन आवृत्त्यांचा विचार केला आहे : गेम बॉय कलर या यंत्रासाठी १९९९ मध्ये निघालेली ‘मारिओ गोल्फ’ आणि गेम बॉय ॲडव्हान्ससाठी २००४ मध्ये निघालेली ‘मारिओ गोल्फ : ॲडव्हान्स टूर’. या दोन्ही आवृत्त्यांचे समीक्षकांनी उत्तम स्वागत केले. तथापि त्या स्वागतामागची कारणे आणि त्यातून उद्‌भवलेले मतभेद हे गुणांच्या आकड्यांपेक्षा अधिक उद्‌बोधक आहेत. खेळाडूचे कौशल्य वाढणे आणि पडद्यावरील पात्राचे आकडे वाढणे या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा व्हिडिओ खेळांच्या समीक्षेतील एक मूलभूत प्रश्न या आवृत्त्यांच्या निमित्ताने पुढे आला.

पार्श्वभूमी : व्हिडिओ खेळांत गोल्फचा फटका कसा दाखवावा, या प्रश्नाचे पुढे सर्वमान्य झालेले उत्तर निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी १९८४ मध्ये निघालेल्या ‘गोल्फ’ या खेळाने रुळविले. त्याची आज्ञावली एचएएल लॅबोरेटरी या संस्थेतील सातोरू इवाता (१९५९–२०१५) यांनी लिहिली होती; हेच इवाता पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. या पद्धतीत पडद्यावर एक पट्टी दिसते. कळ प्रथम दाबली की पट्टीवरील खूण सरकू लागते. दुसऱ्यांदा दाबली की फटक्याचा जोर ठरतो आणि खूण परत येत असता नेमक्या क्षणी तिसऱ्यांदा दाबली की फटक्याची अचूकता ठरते. काठी मागे नेणे, फटक्याचा आवाका ठरविणे आणि चेंडूला नेमका स्पर्श करणे या प्रत्यक्ष खेळातील तीन क्षणांचे हे कळीच्या तीन दाबांत केलेले संक्षिप्त रूप होय. गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्याशी शारीरिक झुंज नसते. चेंडू स्थिर असतो आणि विचारास पुरेसा अवकाश मिळतो. त्यामुळे अन्य मैदानी खेळांच्या मानाने हा खेळ मर्यादित क्षमतेच्या यंत्रावर उतरविणे सोपे गेले. १९८९ मध्ये मूळच्या करड्या पडद्याच्या गेम बॉयसाठीही ‘गोल्फ’ ही आवृत्ती निघाली. १९९१ मध्ये ‘एनईएस ओपन टूर्नामेंट गोल्फ’ या घरगुती आवृत्तीत मारिओ, लुईजी इ. पात्रे स्पष्टपणे खेळात आली.

कॅमलॉट संस्थेची घडण वेगळ्या परंपरेत झाली होती. हिरोयुकी ताकाहाशी व शूगो ताकाहाशी या बंधूंच्या नेतृत्वाखाली तिने सेगा या कंपनीच्या यंत्रांसाठी ‘शायनिंग’ या नावाच्या मालिकेतील भूमिकाप्रधान खेळ रचले होते. भूमिकाप्रधान खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथेतून प्रवास करतो. प्रत्येक लढतीनंतर पात्रास ‘अनुभवगुण’ मिळतात व ठराविक गुण साचल्यावर ते वरच्या पायरीवर जाऊन अधिक समर्थ होते. या संस्थेने १९९७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन या यंत्रासाठी ‘मिन्ना नो गोल्फ’ (सर्वांचा गोल्फ) हा खेळ रचला. मोठ्या डोक्याची, गमतीदार हावभावांची पात्रे आणि त्यांच्या आड काटेकोर गणितावर चालणारा गोल्फ, हे मिश्रण जपानमध्ये अतिशय लोकप्रिय ठरले. त्यानंतर संस्था निन्टेंडोकडे वळली. ‘मिन्ना नो गोल्फ’ मालिकेचे पुढील काम क्लॅप हान्झ या संस्थेकडे गेले. अशा रीतीने निन्टेंडोची तीन दाबांची पद्धत, ‘मिन्ना नो गोल्फ’ची व्यंगचित्रशैली आणि भूमिकाप्रधान खेळांतील अनुभवगुण, हे तीन प्रवाह १९९९ च्या गेम बॉय आवृत्तीत एकत्र आले.

रचना : निन्टेंडो ६४ या घरगुती यंत्रासाठीचा ‘मारिओ गोल्फ’ जून १९९९ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला आणि गेम बॉय कलरसाठीची आवृत्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघाली. नाव एकच असले, तरी दोहोंची घडण भिन्न आहे. घरगुती आवृत्ती चार जणांनी एकत्र बसून खेळावयाची असून तीत कथा अशी नाही. हातातील आवृत्तीत खेळणारा चार तरुण पात्रांपैकी एक निवडतो आणि गोल्फ क्लबच्या आवारात प्रवेश करतो. तेथे त्याला हिंडता येते, भेटणाऱ्यांशी बोलता येते, सरावाचे पाठ घेता येतात आणि क्लबच्या विजेत्यास आव्हान देता येते. मॅरियन, पाम, ड्यून व लिंक्स या चार क्लबांतील अजिंक्यपदे मिळविल्यानंतर अखेरीस मारिओशी सामना होतो. म्हणजे ज्याच्या नावाने खेळ विकला जातो, तो नायक बहुतांश काळ पडद्याआडच राहतो; नवशिक्याने दीर्घकाळ ज्याची वाट पाहावी असा तो गुरुस्थानीचा प्रतिस्पर्धी आहे.

सामने व सराव यांतून मिळालेल्या अनुभवगुणांमुळे पात्र वरच्या पायरीवर जाते. प्रत्येक पायरीवर मिळालेली वाढ फटक्याचे अंतर, चेंडूची उंची, ताबा, फिरकी इ. गुणांत कशी वाटावी, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असते. वाढविलेले पात्र ट्रान्सफर पॅक नावाच्या जोडसाधनाद्वारे निन्टेंडो ६४ वरील खेळात नेता येत असे.

२००४ च्या ‘ॲडव्हान्स टूर’मध्ये हीच घडण विस्तारली गेली. नील हा मुलगा व एला ही मुलगी यांपैकी एकाची भूमिका खेळणारा घेतो. दुसरे पात्र दुहेरी सामन्यांत त्याचे जोडीदार होते. दुहेरीत दोघे एकाच चेंडूवर आळीपाळीने फटके मारतात, त्यामुळे एकाने बिघडविलेली स्थिती दुसऱ्यास सावरावी लागते. ही आवृत्ती जपानमध्ये एप्रिल, उ. अमेरिकेत जून आणि यूरोपात सप्टेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. गेमक्यूब या घरगुती यंत्रावरील ‘मारिओ गोल्फ : टोडस्टूल टूर’ (२००३) या खेळाशी ती तारेने जोडता येत असे. दोन्ही हातातील आवृत्त्यांचे संगीत मोतोई साकुराबा यांचे आहे.

व्यंगचित्रशैलीचे प्रयोजन : या खेळांचे बाह्यरूप बालिश आहे, असा पहिल्या दर्शनी ग्रह होतो. अनेक परीक्षणांत ‘दिसावयास मुलांचा, पण खेळावयास गंभीर’ अशा आशयाचे विधान आढळते. या विधानात रूप व आशय यांत विरोध आहे, असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः येथील व्यंगचित्रशैली यंत्राच्या मर्यादांशी निगडित आहे. गेम बॉय कलरच्या पडद्यावर आडवे १६० व उभे १४४ इतकेच प्रकाशबिंदू असतात. गेम बॉय ॲडव्हान्सवर ते अनुक्रमे २४० व १६० आहेत. शिवाय दोन्ही यंत्रांच्या मूळ रूपांत पडद्यामागे दिवा नव्हता. खिडकीशी किंवा दिव्याखाली बसूनच खेळावे लागे. २००३ मध्ये निघालेल्या ॲडव्हान्सच्या घडीच्या रूपात प्रथम दिव्याची सोय झाली. अशा पडद्यावर खऱ्या गवताचा, झाडांच्या सावल्यांचा वा मानवी स्नायूंच्या हालचालींचा आभास निर्माण करणे शक्य नव्हते. ठळक बाह्यरेषा, मोजके रंग व अतिशयोक्त हावभाव यांमुळे मात्र पात्राची स्थिती एका दृष्टिक्षेपात कळते. वाळूचा खड्डा, पाणी, दाट गवत व हिरवळ यांचा रंगभेद स्पष्ट राहतो. गोल्फमध्ये चेंडू कोठे पडला आहे व तेथून पुढे काय करता येईल, हे अचूक वाचता येणे हाच निम्मा खेळ असतो. नकाशा जसा भूप्रदेशाचा अनावश्यक तपशील गाळून उपयुक्त तेवढाच ठेवतो, तसे हे चित्रण आहे. त्यामुळे रूप साधे असल्यानेच खेळ गंभीरपणे खेळता येतो, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

समीक्षेचे स्वरूप : या खेळांच्या स्वागताचा अर्थ लावण्यापूर्वी त्या काळातील व्हिडिओ खेळांच्या समीक्षेची रीत ध्यानात घेणे आवश्यक आहे. जपानमधील ‘फामित्सू’ या साप्ताहिकात चार परीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात व त्यांची ४० पैकी बेरीज छापली जाते. अमेरिकेतील ‘निन्टेंडो पॉवर’, ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ आणि ब्रिटनमधील ‘एज’ या नियतकालिकांच्या पद्धती भिन्न होत्या. १९९०–२००० या दशकाच्या उत्तरार्धात महाजालावरील परीक्षणांची त्यांत भर पडली. २००१ मध्ये मेटाक्रिटिक ही सेवा सुरू झाली. ती विविध परीक्षणांतील गुण १०० च्या मापात आणून त्यांची भारित सरासरी काढते. कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला, हे मात्र ती जाहीर करीत नाही.

या पद्धतीचा एक परिणाम असा, की परीक्षणाचा शेवट आकड्यात होतो आणि वाचकाची नजर प्रथम तेथेच जाते. दुसरे असे, की परीक्षण खेळ बाजारात येण्याच्या सुमारास प्रसिद्ध व्हावे लागत असल्याने परीक्षकास मोजकेच दिवस मिळतात. पात्र हळूहळू वाढत जाते अशा खेळाच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. पहिल्या क्लबातील दुबळे पात्र आणि शेवटच्या सामन्यातील समर्थ पात्र यांच्या हाती जवळजवळ दोन भिन्न खेळ असतात. तिसरी गोष्ट म्हणजे हातातील यंत्रांवरील खेळांकडे घरगुती खेळांची छोटी नक्कल म्हणून पाहण्याची त्या काळात सर्वत्र रूढ असलेली दृष्टी. त्यामुळे ‘लहान यंत्राच्या मानाने उत्तम’ अशी सवलतीची स्तुती वारंवार केली जाई.

स्वागत : १९९९ च्या आवृत्तीने ही सवलतीची दृष्टी काही प्रमाणात मोडून काढली. एकाच वर्षी, एकाच संस्थेने, एकाच नावाने केलेल्या दोन खेळांत लहान यंत्रावरील खेळ अधिक सखोल आहे, असे म्हणण्याची पाळी अनेक परीक्षकांवर आली. घरगुती आवृत्तीचेही चांगले स्वागत झाले होते. तथापि तिचे गुण परिचित प्रकारचे होते. हातातील आवृत्तीत गोल्फच्या क्लबला भूमिकाप्रधान खेळातील गावाचे आणि सामन्याला तेथील लढतीचे रूप दिले गेले. ही कल्पना सांगताना चमत्कारिक वाटली, तरी खेळताना ती स्वाभाविक वाटते, हा स्तुतीचा मुख्य मुद्दा होता. गोल्फमध्ये खेळाडूची प्रगती मुळातच पायरीपायरीने मोजली जाते. हौशी गोल्फमधील ‘हँडिकॅप’ ही पद्धत म्हणजे खेळाडूच्या कुवतीचा आकडाच होय. त्यामुळे अनुभवगुणांची कल्पना गोल्फवर बाहेरून लादल्यासारखी वाटली नाही. थोड्या थोड्या वेळाने खेळता येणे, हाही गुण समीक्षकांनी नोंदविला. एक खळगा पुरा करण्यास काही मिनिटेच लागतात. प्रवासात वा मधल्या सुटीत तेवढे पुरेसे असते.

‘ॲडव्हान्स टूर’चेही स्वागत अनुकूल झाले आणि मेटाक्रिटिकवरील तिची सरासरी ८० च्या वर राहिली. चित्रे अधिक स्वच्छ झाली, चेंडूच्या उड्डाणाचे दर्शन सुधारले आणि दुहेरी सामन्यांमुळे डावपेचांत भर पडली, हे गुण सर्वमान्य झाले. मात्र पाच वर्षांपूर्वीचे आश्चर्य आता उरले नव्हते. मूळ कल्पनेत मूलभूत भर फारशी नाही, कथा पातळ आहे आणि क्लबांत भेटणाऱ्या लोकांशी होणारे संभाषण सरधोपट आहे, असे आक्षेप घेतले गेले. मारिओ व त्याचे सोबती कथाभागात फारसे नसणे ही उणीव आहे, असेही काहींना वाटले. हा आक्षेप वेष्टनावरील नावाशी निगडित आहे. खेळाच्या घडणीचा विचार करता तो टिकत नाही. मारिओचे गुण ठरलेले असतात आणि त्याची कीर्ती प्रस्थापित असते. तो शिकाऊ असू शकत नाही. शिकण्याची कथा सांगावयाची, तर नायक अनोळखीच हवा.

अनुभवगुणांचा वाद : समीक्षेतील सर्वांत महत्त्वाचा मतभेद पात्राच्या वाढीसंबंधी आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की मैदानी खेळाचा आत्मा समान नियमांत व स्वतःच्या कौशल्यात असतो. खेळत राहिल्यानेच जर पात्राचा फटका लांब जाऊ लागला, तर विजय कोणाचा मानावयाचा, खेळणाऱ्याचा की साचलेल्या आकड्यांचा? वाढविलेले पात्र घरगुती यंत्रावर नेऊन ठरीव गुणांच्या पात्रांशी खेळविता येत असल्यामुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की एकट्याने खेळताना प्रेरणा टिकविण्यास वाढीचे दृश्य चिन्ह आवश्यक असते. प्रत्यक्ष गोल्फमध्येही सरावाने स्नायू तयार होतात आणि फटका लांबतो. आकडे हे त्याचेच रूपक होय.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु वादाचा निर्णय खेळाच्या घडणीकडे पाहूनच करावा लागतो. या दोन्ही आवृत्त्यांत आकडे वाढले, तरी तीन दाबांची पट्टी रद्द होत नाही. पायरी कितीही वर असली, तरी तिसरा दाब उशिरा पडला की चेंडू वाकडा जाऊन वाळूत वा पाण्यात पडतो. वारा, उतार व गवताची दाटी यांचा अंदाज खेळणाऱ्यानेच बांधावयाचा असतो. आकडे जे बदलतात, ते शक्यतांचे क्षेत्र. प्रारंभी ज्या खळग्याची हिरवळ दोन फटक्यांत गाठता येत नसे, ती पुढे गाठता येऊ लागते. म्हणजे एक नवा मोह, आणि त्याबरोबर नवा धोका, समोर येतो. पाण्यावरून थेट मारावे की वळसा घ्यावा, हा निर्णय फटका तोकडा असताना उद्‌भवतच नव्हता. या अर्थाने पात्राची वाढ खेळणाऱ्याचे काम कमी करीत नाही. ती त्याच्यापुढे अधिक कठीण निवडी ठेवते.

याची एक साधी कसोटी आहे. ज्याने खेळ एकदा पुरा केला आहे, त्याने तो नव्या पात्रासह पहिल्यापासून सुरू करावा. पात्र पुन्हा पहिल्या पायरीवर असते आणि त्याचा फटका तोकडा असतो. तरीही पूर्वी जड गेलेला पहिला क्लब आता सुकर होतो. जी वाढ आकड्यांत होती, ती पुसली गेली. जी अंगठ्यात व नजरेत होती, ती राहिली. या दोन वाढी प्रथमतः एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात, की कोणती कोठे संपते, ते कळत नाही. आपण सुधारत आहोत, हा खेळणाऱ्याचा समज खरा असतो. आकडे त्याला केवळ साक्ष देतात. जेथे आकडे कौशल्याची साक्ष देण्याऐवजी त्याची जागा घेतात, तेथे मात्र पहिल्या बाजूचा आक्षेप पूर्णतः लागू पडतो. या आवृत्त्यांतही तशी काही स्थळे आहेत. सोप्या क्लबात पुनःपुन्हा सामने खेळून पायऱ्या चढता येतात आणि पुढील आव्हान त्या प्रमाणात बोथट होते. ही उणीव मान्य केली पाहिजे. पण त्या मार्गाने जाणे खेळणाऱ्यावर बंधनकारक नाही.

समकालीन तुलना : सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल या यंत्राबरोबरच डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये ‘मिन्ना नो गोल्फ पोर्टेबल’ निघाला. अमेरिकेत तो २००५ मध्ये ‘हॉट शॉट्स गोल्फ : ओपन टी’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याचा पडदा ४८० × २७२ बिंदूंचा, रुंद व उजळ होता. चित्रण त्रिमितीय होते. जवळपासच्या खेळाडूंशी बिनतारी पद्धतीने स्पर्धा करता येत असे. व्यंगचित्रशैली व तीन दाबांची पद्धत येथेही होतीच. समीक्षकांनी गोल्फच्या नेमकेपणाची व दृश्यसौंदर्याची स्तुती केली; त्याचबरोबर मालिकेच्या घरगुती आवृत्त्यांहून नवे असे फारसे नाही, अशी नोंदही केली. पात्रांसाठी कपडे व साधने जिंकता येत. पण हिंडावयाचे आवार व शिकाऊपणाची कथा त्यात नव्हती. त्यामुळे यंत्र अधिक समर्थ असूनही घरगुती खेळ हातात आणल्याचा प्रत्यय तो देतो. निन्टेंडोच्या दोन आवृत्त्या मात्र लहान यंत्रासाठीच कल्पिलेल्या होत्या. उत्तम तंत्र आणि यंत्रास साजेशी कल्पना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या तुलनेतून दिसते.

पुढील आवृत्त्यांतील प्रतिध्वनी : एखाद्या कृतीचे महत्त्व पुष्कळदा नंतरच्या कृतींवरील टीकेत स्पष्ट होते. मे २०१४ मध्ये निन्टेंडो ३डीएस या हातातील यंत्रासाठी ‘मारिओ गोल्फ : वर्ल्ड टूर’ निघाला. महाजालाद्वारे स्पर्धा, नंतर विकत घ्यावयाची अतिरिक्त मैदाने आणि त्रिमितीय दृश्ये यांची त्यात रेलचेल होती. गोल्फविषयी तक्रार क्वचितच झाली. परंतु त्यातील ‘कॅसल क्लब’ हा एकट्याने खेळावयाचा भाग पोकळ आहे, तेथे हिंडता येते पण काही घडत नाही, असे अनेकांनी लिहिले. ही टीका करताना मापदंड म्हणून १९९९ व २००४ च्या आवृत्त्यांचाच उल्लेख झाला. १९९९ मध्ये जे अनपेक्षित होते, ते १५ वर्षांनी अपेक्षित ठरले होते. स्विच या यंत्रासाठी जून २०२१ मध्ये निघालेल्या ‘मारिओ गोल्फ : सुपर रश’मध्ये पात्रवाढीसह साहसकथा पुन्हा आणली गेली, ती तोकडी आहे, अशी तक्रार तेव्हाही झाली.

याहून बोलका पुरावा मालिकेबाहेर मिळतो. ऑस्ट्रेलियातील साइडबार गेम्स या अगदी छोट्या संस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये ‘गोल्फ स्टोरी’ हा खेळ स्विचसाठी प्रसिद्ध केला. गेम बॉय कलरवरील ‘मारिओ गोल्फ’ची परंपरा त्यात उघडपणे पुढे चालविली आहे. मारिओचे नाव वा निन्टेंडोची पात्रे नसतानाही तो नावाजला गेला. यावरून १९९९ च्या खेळाचे आकर्षण प्रसिद्ध पात्रांत नसून त्याच्या घडणीत होते, हे सिद्ध होते.

मूल्यमापन : हातातील ‘मारिओ गोल्फ’च्या समीक्षेत एकंदरीत स्तुतीचा सूर बरोबर लागला, कारणमीमांसा मात्र अपुरी राहिली. गोंडस रूप, परिचित पात्रे व प्रवासात खेळण्याची सोय या बाह्य गुणांची दखल विस्ताराने घेतली गेली. दोन वाढींचा मेळ या खेळांत किती काळजीपूर्वक घातला आहे, याचे विवेचन तुलनेने थोडे झाले. आकड्यांत निकाल देणाऱ्या समीक्षेची ही मर्यादा होय : एखादा खेळ किती चांगला आहे, हे ती त्वरेने सांगते, तो कशामुळे चांगला आहे, हे सांगावयास तिला पुढील कृती फसण्याची वाट पाहावी लागते.

दोन आवृत्त्यांत तुलना करावयाची झाल्यास ‘ॲडव्हान्स टूर’ अधिक सफाईदार व समृद्ध आहे. १९९९ ची आवृत्ती अधिक मौलिक आहे. पहिल्या आवृत्तीतील चित्रे आज ओबडधोबड वाटतात, संभाषणे त्रोटक आहेत आणि कथेला नाव घेण्याजोगा विस्तार नाही. तथापि अनोळखी क्लबात नवखेपणी शिरणे, हरणे, सराव करणे आणि एक दिवस तेथील विजेत्याला जिंकणे हा अनुभव तीत पूर्णपणे साकार झाला आहे. गोल्फ न खेळलेल्या व पुढेही न खेळणाऱ्या असंख्य मुलांना वारा पाहून काठी निवडणे, लांब फटक्याचा मोह आवरणे आणि चुकलेल्या फटक्यानंतर पुढचा फटका शांतपणे मारणे या खेळाच्या मूलभूत गोष्टी तीमुळे परिचित झाल्या. खेळाचे व्यंगचित्र काढूनही त्या खेळाचा स्वभाव तंतोतंत राखता येतो, हे या आवृत्तीने दाखविले आणि त्यातच तिचे महत्त्व आहे.